जमिनीखालचे हीट पंप गोव्यात सक्तीचे? आधी हिशेब बघा

चिरेबंदी: काल इथे कुणीतरी लिहिलं की युरोपात जमिनीत पाइप पुरून हीट पंपाने, म्हणजे उष्णता एकीकडून दुसरीकडे नेणाऱ्या यंत्राने, घरं गरम करतात, एका युनिट विजेत चार युनिट उष्णता मिळते, म्हणून गोव्यातल्या प्रत्येक नव्या बंगल्याला हे उलटं, घर गार करायला, सक्तीचं करा, एसीचं बिल निम्मं होईल. वाचून राहवलं नाही. स्वीडनमध्ये कडक हिवाळ्यात हवा उणे 10 आणि जमीन अधिक 6-7. फायदा त्या फरकाचा. आपल्याकडे दहा मीटर खाली वर्षभर साधारण 27-28 अंश, म्हणजे हवेचीच सरासरी. मे महिन्यात रात्री बाहेरही तेवढंच. मग फायदा येणार कुठून?

दीड टनाचा एसी घ्या. खोलीतली आणि कॉम्प्रेसरची मिळून साडेसहा किलोवॅट उष्णता जमिनीत सोडायची. बोअरच्या दर मीटर खोलीला 50 वॅट धरले तर 130 मीटर बोअर. एका खोलीसाठी सव्वाचारशे फूट! पाइपातलं पाणी फिरवणाऱ्या पंपाची वीज वेगळीच.

गारवा: रात्रीचं बोलता, दुपारी तीनचं का नाही? तापलेल्या गच्चीवरच्या आउटडोअरला 40 अंशांची हवा मिळते. शिवाय किनाऱ्यावरची खारी हवा. आउटडोअरच्या फिन्सवर, म्हणजे पातळ पत्र्यांवर, आधी पांढरी पूड येते, मग त्या बोटाने चुरतात. जमिनीतला एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप गंजत नाही.

चिरेबंदी: गंजाचं मान्य, पण त्याला कोटिंगची कॉइल आहे, गोड्या पाण्याने धुणं आहे. तुम्ही मुख्य मुद्दा टाळताय. तिकडे हिवाळ्यात काढलेली उष्णता उन्हाळ्यात परत भरली जाते. इथे बाराही महिने ओतायचीच. बोअरभोवतीची जमीन वर्षागणिक तापत जाणार.

गारवा: आणि आपला पाऊस? वाहतं भूजल ती उष्णता घेऊन जातं.

चिरेबंदी: एप्रिल-मेमध्ये सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर, पाणी खोल गेलेलं असतं. जांभ्याच्या छिद्रांत हवा, उष्णता वाहणार कशी? नेमकी गरज असते तेव्हाच बोअरचा वरचा भाग निकामी.

बांयकांठ: एसीचं राहू द्या, भोकांचं बोला! आधीच बोअर मारून मारून वाड्यावरच्या विहिरी मार्चमध्ये तळ दाखवतात.

गारवा: बंद लूप पाणी उपसत नाही हो. एकदा पाइप भरला की तेच पाणी फिरतं.

बांयकांठ: उपसत नाही, पण भोक राहतंच ना! पाइपभोवतीची पोकळी तळापासून वर बेंटोनाइटने (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीने) भरली नाही, तर किनारपट्टीत खालचं खारं पाणी वरच्या गोड्या थरात शिरतं. ठेकेदार काय करतो? वरून ड्रिलिंगचाच चुरा ढकलतो. मध्ये पोकळ्या राहतात, म्हणजे उष्णताही नीट जात नाही आणि विहीरही बाटते. ग्राउट, म्हणजे हा भराव, खाली सोडलेल्या नळीनेच भरायला हवं, त्याआधी लूप पाण्याने भरून दाबाची चाचणी घ्यायला हवी. 2002 चा भूजल नियमन कायदा आहे, पण खाली काय भरलं ते बघायला उतरतो कोण?

गारवा: ग्राउटचं तुमचं बरोबर, त्यात सूट नकोच. सक्तीही सोडतो. पण लाँड्री असलेलं हॉटेल तरी?

चिरेबंदी: तिथे उष्णता जमिनीत घालवायचीच कशाला? ती पाण्याला द्या. 200 लिटर पाणी 27 वरून 55 ला न्यायला साडेसहा युनिट उष्णता लागते. गीझर तेवढी वीज खातो, हवेतून उष्णता घेणारा हीट पंप दोन युनिटच्या आसपास. एकही भोक न पाडता.

बांयकांठ: मग हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं.