बोरन्हाणाचे दागिने आणि सजावट घरी करण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आमच्या दीड वर्षाच्या मुलीचे बोरन्हाण येत्या संक्रांतीनंतर, रथसप्तमीच्या आत, घरीच करायचे ठरले आहे. बाजारातले हलव्याचे दागिने सुंदर असतात खरे. परंतु हाती लागेल ते तोंडात घालण्याच्या या वयात पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवलेला काटेरी दाणा सुटून घशात अडकेल, अशी धास्ती वाटते. म्हणून मुकुट, हार आणि बाजूबंद काळ्या कापडावर पांढऱ्या लोकरीचे बारीक गोंडे शिवून करावेत, असा विचार आहे. गोंडे ओढले तरी निघू नयेत, यासाठी टाके कसे घालावेत, हे कोणी केले असल्यास कृपया सांगावे.

दुसरी अडचण लुटीची. बोरे, भुईमुगाच्या शेंगा, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे डोक्यावरून ओतले की सगळी मुले त्यांवर तुटून पडतात, आणि आमच्याकडे येणारी बहुतेक मुले तीन वर्षांच्या आतली आहेत. चुरमुरे ठेवून बाकीच्या जिनसांऐवजी काय घ्यावे? बोरे मात्र हवीतच, असा सासूबाईंचा आग्रह आहे आणि तो मलाही पटतो. बोरांशिवाय बोरन्हाण कसले! शिवाय, टाचण्या न वापरता घोटीव कागदाचे पतंग भिंतीवर कशाने टिकतील?