विषय: उत्तर: उत्तर: बागेतल्या ई-स्कूटर आणि पोलीस

प्रेषक: एक सदस्य, बागेजवळची वस्ती

नमस्कार मंडळी,
गेले काही आठवडे संध्याकाळी बागेच्या पायवाटेवरून मुलं ई-स्कूटर भरधाव नेतायत. परवा माझ्या सासूबाई थोडक्यात वाचल्या. तेव्हापासून त्यांनी फिरायला जाणंच सोडलंय. मी १०१ ला (इथे ब्रिटनमध्ये तातडी नसलेल्या तक्रारींसाठीचा पोलिसांचा नंबर) फोन केला, बराच वेळ थांबले, एक रेफरन्स नंबर मिळाला आणि पुढे शांतता. असल्या गोष्टींकडे पोलीस लक्ष देतात का? की आपणच चार-पाच जणांनी मिळून मुलांना अडवावं?

---

प्रेषक: मंडळाची कार्यकारिणी सदस्य

ताई, अडवायला कुणीही जाऊ नका, कळकळीने सांगते. वाद वाढला तर मार तुम्हाला लागेल.

लक्ष देतात, पण योग्य ठिकाणी पोचलं तर. १०१ वर अख्ख्या पोलीस दलाचे फोन येतात. आपल्या भागाची नेबरहुड टीम, म्हणजे स्थानिक पोलिसांची तुकडी, वेगळी असते. पोलीस डॉट यूके या साइटवर पोस्टकोड टाकलात की टीम, त्यांचा संपर्क आणि पुढच्या बैठकीची तारीख दिसते. २०२५ मध्ये सरकारने इंग्लंड आणि वेल्ससाठी जाहीर केलेल्या हमीनुसार प्रत्येक भागात नावानिशी ओळखता येणारा अधिकारी हवा आणि टीमला विचारलेल्या प्रश्नाला ७२ तासांत उत्तर मिळायला हवं. उत्तर आलं नाही तर या हमीचा उल्लेख करून पुन्हा लिहा.

खाजगी ई-स्कूटर सार्वजनिक रस्त्यावर किंवा फुटपाथवर चालवणं बेकायदा आहे आणि पोलीस ती जप्त करू शकतात. मेलमध्ये वार, वेळ, बागेचं कुठलं फाटक, मुलं कुठल्या दिशेने येतात हे लिहा. 'रोज त्रास होतो' एवढ्यावर गस्तीची वेळ ठरवता येत नाही. 'मंगळवार-गुरुवार, सहा ते सात, तळ्याकडचं फाटक' यावर ठरवता येते.

आणि कुणाला इजा होत असेल, गुन्हा डोळ्यांसमोर घडत असेल तर ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन करा. तिथे संकोच नको.

---

प्रेषक: एक जुने सदस्य

तुमचं म्हणणं पटतं, पण लोक नोंद का करत नाहीत तेही समजून घ्या. आमच्या गल्लीत गाड्यांच्या काचा फुटल्या तेव्हा कुणी फिरकलंही नाही. २०१० नंतरच्या कपातीत सुमारे २० हजार पोलीस कमी झाले. पीसीएसओ, म्हणजे पोलिसांना मदत करणारे गस्तीचे कर्मचारी, तर पुढे निम्म्याहून खाली आले. गल्लीत पायी फिरणारा, दुकानदाराला नावाने ओळखणारा तोच माणूस होता. तो गेला आणि लोकांचा विश्वासही गेला.

---

प्रेषक: मंडळाची कार्यकारिणी सदस्य

काका, तुमचा राग रास्त आहे. पण मनुष्यबळ कमी असतं तेव्हा ते नोंदी असतील तिकडे जातं. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बागेबद्दल एवढे मेसेज आले, त्यातला एकही पोलिसांच्या नोंदीत नाही. त्यांच्या लेखी आपली बाग शांत आहे! मला याचंच फार वाईट वाटतं.

नोंदींचा कायदेशीर उपयोगही आहे. २०१४ च्या कायद्याने एएसबी (समाजविघातक वागणूक) केस रिव्ह्यू, म्हणजे प्रकरणाची फेरतपासणी, मागता येतो. सहा महिन्यांत एकाच त्रासाच्या तीन तक्रारी झाल्या आणि दाद मिळाली नाही, तर पोलीस, कौन्सिल (इथली पालिका) वगैरेंना एकत्र बसून प्रकरण तपासावं लागतं. मात्र घटना घडल्यापासून महिन्याच्या आत तक्रार केलेली असावी, म्हणून आठवण ताजी असतानाच लिहा.

शेजारचा मोठा आवाज, कचरा, पिवळ्या रेघेवर (पार्किंगला मनाई असलेल्या जागी) लावलेली गाडी ही कामं मात्र कौन्सिलची. ती पोलिसांकडे नेली की दोन्हीकडे वेळ जातो.

---

प्रेषक: एक सदस्य, बागेजवळची वस्ती

आभारी आहे. आज टीमला वेळांसकट मेल केला. सासूबाईंना स्वतः सांगायचंय, पण इंग्रजी तेवढं येत नाही.

---

प्रेषक: मंडळाची कार्यकारिणी सदस्य

फोनवर दुभाषा मागा, भाषा 'मराठी' असं स्पष्ट सांगा. त्यांनी स्वतः सांगितलेलं जास्त मोलाचं आहे. टीमच्या पुढच्या बैठकीत भागाचे अग्रक्रम ठरतात, तिथे त्यांना घेऊन या. मी येतेच आहे. काका, काचांची गोष्ट तुम्हीही तिथे मांडा. आणखी कोण येतंय ते याच मेलवर कळवा, म्हणजे गाड्यांची सोय करता येईल.