दोन घोड्यांचा ट्रेलर ओढायला कोणती गाडी घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार. आमच्याकडे एक घोडी आणि एक घोडा आहे. दोघांना घेऊन महिन्यातून एक-दोनदा लांबचा प्रवास होतो. ट्रेलर दोन घोड्यांचा आहे, गाडीच्या मागच्या हिचला, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या जोडणीला, जोडायचा. आता ओढायला स्वतःची गाडी घ्यायची आहे आणि दोन पर्यायांत अडकले आहे.

गेल्या खेपेला ओळखीच्यांची एसयूव्ही नेली होती. चढावर काहीच जाणवलं नाही, म्हणून निर्धास्त होते. लांब उतारावर मात्र ट्रेलर मागून गाडीला ढकलायला लागला, आणि शेजारून मोठा ट्रक गेला तसा डावीउजवीकडे झोले खाऊ लागला. कशीबशी गाडी बाजूला घेतली. दार उघडलं तर घोडी चारही पाय फाकवून, घामाने निथळत उभी होती. खालच्या रबरी मॅटवर नालांचे ओरखडे. पुढे कितीतरी दिवस ती रॅम्पवर पाय ठेवायला तयार नव्हती. तिच्यावर पुन्हा ही वेळ येऊ द्यायची नाही.

वजनकाट्यावर जाऊन आकडे घेतलेत. घोडी ४८०, घोडा ५२०, रिकामा ट्रेलर ११५०, आणि गवत, पाणी, खोगिरं मिळून १५०. एकूण २३०० किलो.

पहिला पर्याय मोनोकॉक बांधणीची (बॉडी आणि सांगाडा एकसंध) एसयूव्ही. ओढण्याची क्षमता २५०० किलो, पेलोड (गाडीने स्वतःवर पेलायचा भार, माणसं धरून) ४५०. दुसरा लॅडर फ्रेमचा (बॉडीखाली वेगळी मजबूत चौकट) पिकअप: क्षमता ३५००, पेलोड ९००, व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) लांब. घरच्यांचं म्हणणं, २५०० मध्ये २३०० बसतात, मग मोठी गाडी कशाला? रोजच्या वापराला एसयूव्ही सोयीची आहे हे मलाही पटतं. पण ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या बॉलवर (ज्या गोळ्यावर ट्रेलरचं पुढचं टोक बसतं) येतो असं वाचलं. तो पेलोडमध्ये धरायचा का? आणि ट्रेलरला स्वतःचे इलेक्ट्रिक ब्रेक आहेत, तरी गाडीच्या वजनाने एवढा फरक पडतो का?

प्रतिसाद १
ताई, धरायचाच. १२ टक्के म्हटलं तरी बॉलवर २७६ किलो. गाडीत तुम्ही तिघं बसलात की २१० आणखी. झाले ४८६, म्हणजे ४५० चा पेलोड तिथेच संपला. मागचा भाग दबला की पुढच्या चाकांवरचा भार हलका होतो आणि स्टिअरिंगची पकड जाते. शिवाय घोडा म्हणजे बांधून ठेवलेलं सामान नव्हे. तो तोल सावरायला सतत वजन इकडून तिकडे टाकतो, आणि त्याचं वजन उंचावर असतं. म्हणून क्षमतेत भरपूर शिल्लक हवी. मी पिकअपच घेईन. हिच आणि बॉल यांच्यावर कोरलेली मर्यादाही बघा. गाडी ३५०० ची आणि हिच त्याहून कमी, असं सर्रास दिसतं.

प्रतिसाद २
पिकअपला माझंही मत. पण ब्रेक कंट्रोलर, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक चालवणारं उपकरण, केबिनमध्ये हाताशी बसवून घ्या. ट्रेलर डुलू लागला तर गाडीचा ब्रेक दाबू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने हळूहळू लावा. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका. ट्रेलर सुटला तर आपोआप ब्रेक लावणारा ब्रेकअवे स्विच आणि त्याची बॅटरी दर खेपेला तपासा. एकच घोडा नेणार असाल तेव्हा त्याला रस्त्याच्या मध्याकडच्या बाजूला उभा करा.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. २७६ अधिक २१० हा हिशेब आजच घरी दाखवते. घोडीला सवय व्हावी म्हणून ट्रेलर उभा ठेवून रोज आतच चारा देतेय. काल पुढचे दोन पाय रॅम्पवर ठेवले तिने.