कर्ली नदीकाठी ट्रेलर बारमाही ठेवता येईल का?

रंकाळाकर
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा. मामांची वाडी सिंधुदुर्गात, नेरूरपारच्या पुलाजवळ, कर्ली नदीच्या काठाला आहे. गेल्या दिवाळीत मी तेरा फुटी जुना कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतला. आत दोन माणसं आणि एक पोर आरामात झोपतं. सोबत हवेची रबरी होडी आणि पाच हॉर्सपॉवरचं इंजिन आहे. दर शनिवारी फोंडा घाटातून ट्रेलर ओढत आणायची माझी तयारी नाही, म्हणून तो कायमचा वाडीतच ठेवावा असं मनात आहे. शुक्रवारी रात्री निघायचं, शनिवारी उजाडताच पाण्यात. मामा म्हणतात, "माडांच्या सावलीत लाव, गार राहील." धामापूरचा तलावही जवळच आहे, तिथे होडी घालावी का? पावसाळ्यात ट्रेलर टिकेल का? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया मोकळेपणाने सांगा.

माडबागायतदार
मामांका सांगा, माडाबुडी ट्रेलर उभो करू नकात. नारळ पडलो तर छप्पर फुटतला. एक झावळ पडली तरी खिडकी गेली म्हणून समजा.

काळशाची माहेरवाशीण
दादा, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. माझं माहेर काळसे. आमचा ट्रेलर 2019 ते 2023 बाबांच्या आवारात होता.

पहिल्या पावसाळ्याआधी आम्ही त्याला निळ्या ताडपत्रीत घट्ट गुंडाळलं आणि पुण्याला निघून आलो. गणपतीला गेलो, दार उघडलं आणि ओल्या भुशाचा वास अंगावर आला. गादी उचलली तर खालची फळी काळ्या ठिपक्यांनी भरलेली. सिंकपाशी टाच टेकली, तिथला प्लाय चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा दबला. ज्याने ट्रेलर बांधून दिला त्याने प्लायच्या कापलेल्या कडा तशाच उघड्या सोडल्या होत्या. पाणी शिरतं ते कडेतूनच. माझ्या मुलीने खिडकीशी चिकटवलेली चित्रं बुरशीने गेली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढच्या वर्षी बाबांनी चारी बाजूंनी मोकळी पत्र्याची शेड घातली. ट्रेलर आणि पत्रा यांच्यात हातभर अंतर ठेवलं. चासीच्या चारी कोपऱ्यांखाली जांभ्याचे चिरे रचले, चाकं जमिनीवरून उचलली. गाद्या, बॅटरी, सिलेंडर घरात. कपाटांची दारं उघडी टाकली आणि आत दोन पातेल्यांत कळीचा चुना ठेवला, तो ओल ओढून घेतो. मुख्य म्हणजे पाऊस उघडला की आई दार-खिडक्या उघडायची, सूर्य कलला की लावायची. त्यानंतर बुरशी आली नाही. तुमच्या वाडीत रोज लक्ष घालणारं माणूस असेल तरच बारमाही ठेवा. नसेल तर मे महिन्यात घाट चढवून कोल्हापूरला न्या आणि दसऱ्यानंतर परत आणा.

वाऱ्याचंही सांगते. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा ट्रेलर चारी बाजूंनी जाड दोरांनी जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बांधला होता, म्हणून जागेवर राहिला. शेडचे तीन पत्रे मात्र शेजारच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात सापडले.

आता पाण्याबद्दल. कर्लीला भरती-ओहोटी आहे, तिचं वेळापत्रक तुमच्या सुट्टीला विचारत नाही. बाबांचा हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. समुद्रकाठाला हे बऱ्यापैकी जुळतं, नदीत वर याल तसं पाणी चढायला थोडा उशीर लागतो. म्हणजे पौर्णिमेच्या आसपासचा रविवार असेल तर सकाळी साडेनऊला होडी घाला आणि एक-दीडला काठाला या. अष्टमीचा असेल तर दुपारी पाणी उतरलेलं, तेव्हा अगदी सकाळी लवकर जा. आम्ही एकदा हे न बघता गेलो. मुलगी सात वर्षांची होती. पाणी पायाखालून निघून गेलं आणि होडी चिखलात बसली. दोन तास उन्हात. पिण्याचं पाणी एकच बाटली. तेव्हापासून कालनिर्णय बघितल्याशिवाय मी दोर सोडत नाही.

तुमची रबरी होडी असल्यामुळे आणखी एक गोष्ट. खडकांना आणि पुलाच्या खांबांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी असते. खडकाला टेकू नका, वाळूवरच उतरा. आणि नदी समुद्राला मिळते त्या देवबागच्या संगमाकडे ओहोटीत अजिबात जाऊ नका. तिथे पाणी समुद्राकडे ओढतं, पाच हॉर्सपॉवर पुरत नाही.

रंकाळाकर
ताई, मनापासून आभार. चिरे आणि शेडचं आजच मामांना फोनवर सांगितलं. धामापूरचं काय करू? शिवाय कागदपत्रं?

काळशाची माहेरवाशीण
धामापूरला इंजिन नको, दादा. तो तलाव 1530 चा आहे, काठावर भगवतीचं देऊळ आहे आणि मालवणला पाणी तिथून जातं. 2020 मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळालाय. तिथे काठावर बसावं, पाण्यात पाय सोडावेत, इंजिनाचं तेल त्या पाण्यात सांडू नये असं मला फार वाटतं.

कागदांचं थोडक्यात: ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, ती जुन्या मालकाकडून तुमच्या नावावर झाली आहे का बघा. इंजिनाच्या होडीसाठी मालवणच्या बंदर कार्यालयात विचारा. आणि चाकं आहेत म्हणून काठाला कुठेही लावता येतं असं समजू नका. खाडीच्या भरतीरेषेलगतच्या पट्ट्याला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर बंधनं घालणारे नियम, लागू आहेत. शेड बांधण्याआधी मामांना ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे विचारायला सांगा. आमची शेड म्हणूनच काठापासून आत, घराच्या मागच्या बाजूला होती. होडी तेवढी बाबा हातगाड्यावर घालून पाण्यापर्यंत नेत.

माडबागायतदार
चिरे लागले तर सांगा. माझ्याकडे जुन्या घराचे साठेक पडान आसत, येऊन घेऊन जावा.