मदत हवी आहे: करकपातीचा फायदा नक्की कुणाला? उद्या सकाळी बोलायचंय, आकडे हवेत

पाटीपेन्सिल (रात्री ८:१२)
उद्या सकाळी १० वाजता वादविवाद स्पर्धा आहे. विषय: 'करकपातीचा खरा लाभार्थी मध्यमवर्गच'. मला विरोधी बाजू मिळालीय, ७ मिनिटं. दुपारपासून शोधतेय. कुठे लिहिलंय ८० हजार वाचतात, कुठे १ लाख १० हजार. कुठला आकडा खरा? भाषण मी लिहीन, फक्त खात्रीचे आकडे द्या. प्लीज लवकर.

मुदतठेव (८:२०)
करकपातीची मर्यादा १ एप्रिल २०२५ पासून वाढली आहे. बँकेतल्या ठेवींवरचं व्याज वर्षाला ५०,००० च्या आत असेल तर बँक कर कापत नाही (आधी ४०,०००). ज्येष्ठांसाठी ५० हजारांची मर्यादा १ लाख झाली. एकूण उत्पन्नावर कर बसतच नसेल तर 'कर कापू नका' असं सांगणारा फॉर्म (२०२५-२६ पर्यंत १५जी, आणि साठीच्या पुढे १५एच) एप्रिलमध्येच भरून द्या. एकापेक्षा जास्त बँकांत ठेवी असतील तर प्रत्येक बँकेत वेगळा फॉर्म लागतो. खात्याला पॅन जोडलेलं नसेल तर १० ऐवजी २० टक्के कापतात, हेही बघून घ्या.

ताळेबंद (८:२४)
ते टीडीएसचं (बँक व्याजातून आधीच कापते त्या कराचं) झालं, ताईंचा प्रश्न दर कमी होण्याचा दिसतो. पण कुठल्या वेळचे दर? प्राप्तिकराचे, जीएसटीचे की कंपन्यांचे? ते सांगितल्याशिवाय आकडे देऊन उपयोग नाही.

उद्योगविहार (८:३१)
विरोधी बाजू आहे ना, मग २०१९ घ्या. २० सप्टेंबर २०१९ ला पणजीत जीएसटी परिषदेच्या बैठकीआधी अर्थमंत्र्यांनी घोषणा केली. कंपनी कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्के; अधिभार-उपकर (करावर लागणारे जादा कर) धरून २५.१७. नव्या उत्पादक कंपन्यांना १५, म्हणजे सगळं धरून १७.१६ टक्के. सरकारनेच सांगितलेला सोडलेला महसूल वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी. यात मध्यमवर्ग कुठे आहे? एवढा एक मुद्दा पुरे.

पाटीपेन्सिल (८:३८)
अहो, बारा लाखांचं म्हणतेय मी! फेब्रुवारी २०२५ चा अर्थसंकल्प. वाटलं सगळ्यांना कळेल. २०१९ काढलं तर परीक्षक विषय सोडला म्हणतील.

ताळेबंद (८:४१)
आता आणखी दोन गोष्टी. आकडे पगारावर हवेत की करपात्र उत्पन्नावर (वजावटी जाऊन कर लागतो त्या रकमेवर)? आणि तुलना कशाशी, आदल्या वर्षीच्या नव्या प्रणालीशी (दर कमी, पण वजावटी फारशा नाहीत) की जुन्या प्रणालीशी (दर जास्त, पण वजावटी मिळतात)?

पाटीपेन्सिल (८:४४)
फरक पडतो का? सगळीकडे नुसतं 'बारा लाखांपर्यंत कर नाही' असंच आहे.

ताळेबंद (९:०५)
पडतो, आणि मोठा पडतो. नोकरदाराला नव्या प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट (पगारातून सरसकट वजा होणारी रक्कम) मिळते. म्हणून त्याची शून्य कराची रेघ १२.७५ लाख पगारावर आहे, दुकानदाराची १२ वर. खालचे सगळे आकडे करपात्र उत्पन्नाचे, नव्या प्रणालीतल्या २०२४-२५ शी तुलना करून, ४ टक्के उपकर न धरता.

बारा लाखांचं गणित एकदा हाताने करा म्हणजे बोलताना अडखळणार नाही. आधी ३ ते ७ लाखांवर ५ टक्के, म्हणजे २०,०००. ७ ते १० वर १० टक्के, ३०,०००. १० ते १२ वर १५ टक्के, ३०,०००. एकूण ८०,०००. आता ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४०,०००. होतात ६०,०००, आणि तेवढीच सूट कलम ८७ए देतं. भरायचे शून्य. वाचले ८०,०००. पुढचे टप्पे: १६ पर्यंत १५, २० पर्यंत २०, २४ पर्यंत २५, त्यापुढे ३० टक्के.

याच पद्धतीने,
७ लाख: आधीही शून्य (तेव्हा ८७ए ची सूट ७ पर्यंत होती), आताही शून्य. फायदा ०
८ लाख: ३०,०००
१० लाख: ५०,०००
१२ लाख: ८०,०००
१२.७० लाख: २४,०००
१५ लाख: ३५,०००
१८ लाख: ७०,०००
२४ लाख: १,१०,०००
५० लाख: १,१०,०००

तुम्हाला सापडलेले दोन्ही आकडे खरे आहेत. एक १२ चा, दुसरा २४ आणि त्यापुढचा.

पाटीपेन्सिल (९:११)
१२.७० ला एकदम २४ हजार? टाइप करताना चुकलंय का?

ताळेबंद (९:२२)
चुकलेलं नाही, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच आहे. १२ च्या वर एक रुपया गेला की ८७ए ची सूट जाते. म्हणून मार्जिनल रिलीफ ठेवलाय: १२ च्या वर जितकं उत्पन्न, त्याहून जास्त कर घ्यायचा नाही. १२,१०,००० ला टप्प्यांप्रमाणे ६१,५०० होतात, पण भरायचे १०,०००. १२,५०,००० ला ५०,०००. म्हणजे या पट्ट्यात वाढलेला प्रत्येक रुपया पूर्ण करात जातो. हा रिलीफ १२,७०,५८८ च्या आसपास संपतो आणि तिथून नेहमीचे टप्पे सुरू होतात. फायद्याचा आलेख १२ ला टोक गाठतो, १२.७० ला कोसळतो आणि २४ पर्यंत परत चढतो. १५ लाखवाल्याला १० लाखवाल्यापेक्षा कमी मिळतं, ५० लाखवाल्याच्या एक तृतीयांशाहून कमी.

खटका (९:३०)
रुपयांत मोजणं ही दिशाभूल आहे. उत्पन्नाच्या टक्क्यांत बघा. १२ लाखवाल्याला ६.६७ टक्के, २४ वाल्याला ४.५८, ५० वाल्याला २.२. कराच्या टक्क्यांत तर १२ वाल्याचा १०० टक्के कर गेला, २४ वाल्याचा २७ आणि ५० वाल्याचा जेमतेम ९ टक्के. ही कपात मध्यमवर्गासाठीच होती. विरोधी बाजू लंगडी आहे, हे मान्य करून तयारी करा.

ताळेबंद (९:३६)
टक्क्यांतच बघू. १५ लाखांवर ३५,००० म्हणजे २.३३ टक्के. १२.७० वर १.८९. म्हणजे तुम्ही ज्याला मध्यमवर्ग म्हणताय त्यातल्या एका पट्ट्याला ५० लाखवाल्याच्या २.२ पेक्षा कमी मिळालं. बारा लाखांचा एकच ठिपका धरून सगळ्या वर्गाचा निकाल लावता येत नाही.

खटका (९:४०)
तो पट्टा ७० हजारांचा आहे, त्यात माणसं असतील किती?

ताळेबंद (९:४३)
रिलीफचा पट्टा ७० हजारांचा. पण फायदा परत ८० हजारांवर जायला १९ लाख यावे लागतात. १२ ते १९, सात लाखांचा पट्टा आहे तो.

घरहप्ता (९:४८)
सगळे नवी प्रणाली धरून बोलताय. जुनी विसरू नका, गृहकर्ज असेल तर जुनीच बरी. ८०सी चे (पीएफ, आयुर्विमा वगैरे बचतीचे) दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे दोन लाख, एनपीएसचे (पेन्शन योजनेचे) पन्नास हजार, आरोग्य विम्याचे २५ हजार आणि वर एचआरए (घरभाडे भत्ता). २०२५-२६ च्या नियमांत मुंबईत मूळ पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत, पुण्यात ४०.

ताळेबंद (९:५७)
जुन्या प्रणालीचे टप्पे या अर्थसंकल्पात बदललेच नाहीत. जो जुन्यात राहिला, त्याला या कपातीतून शून्य. ३१ जुलै २०२४ पर्यंत भरलेल्या ७.२८ कोटी विवरणपत्रांपैकी २.०१ कोटी जुन्या प्रणालीतली होती. पाटीपेन्सिल, हे टिपून ठेवा.

आणि 'जुनीच बरी' असं सरसकट म्हणू नका. १५.७५ लाख पगाराला जुनी परवडायला प्रमाणित वजावट सोडून साधारण ५.६२ लाखांच्या वजावटी लागतात. २४.७५ लाखाला ८ लाख. तुमची वरची यादी एचआरए सोडून ४.२५ लाख होते. भाडं भरणारा आणि त्याच वेळी गृहकर्ज फेडणारा माणूस असेल तरच जमतं. व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर दरवर्षी प्रणाली बदलता येते, पण विवरणपत्र मुदतीत भरलं तरच. उशीर झाला की नवीच.

शेतीभाती (१०:०४)
सात लाखांच्या खालच्यांचं कुणीच बोलत नाहीये. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले यांचा प्राप्तिकराशी संबंधच नाही. ते कर भरतात तो साबणाच्या वडीत. त्यांच्यासाठी खरी कपात २२ सप्टेंबर २०२५ ची, जीएसटीची. साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं १८ वरून ५. तूप-लोणी १२ वरून ५. ठिबकचा संच, ट्रॅक्टर १२ वरून ५. साबण १३ टक्के स्वस्त झाला! विरोधी बाजूला हेच मांडा की खरा लाभार्थी गरीब आहे.

आकडेमोड (१०:१३)
१३ टक्के नाही. कर मूळ किमतीवर बसतो आणि दुकानात आपण करासकट किंमत देतो. १०० ची वस्तू १८ टक्क्यांत होती तर मूळ किंमत ८४.७५, तिच्यावर ५ टक्के म्हणजे ८८.९८. स्वस्ताई ११ टक्के. १२ वरून ५ ला सव्वासहा, २८ वरून १८ ला ७.८. स्पर्धेत १३ म्हणालात आणि समोरच्याने पकडलं तर पुढचं कुणी ऐकणार नाही.

दुसरं, ५ रुपयांचं बिस्किट घ्या. दर उतरला तर ते ४.४५ ला यायला हवं. ५५ पैसे सुटे कोण देणार? म्हणून किंमत ५ च ठेवून वजन वाढवायचं. पूर्ण फायदा द्यायचा तर ५० ग्रॅमचं पाकीट ५६ ग्रॅमचं व्हायला पाहिजे. एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीचंही तसंच. जास्त करून लहान पाकिटंच घेणाऱ्या माणसाला फायदा मिळाला की नाही हे दुकानदाराच्या बिलावर दिसत नाही, पाकिटामागे बारीक अक्षरात छापलेल्या वजनावर दिसतं. आणि सुट्टं धान्य, भाजी यांवर आधीही जीएसटी नव्हताच. गरिबाच्या खर्चाचा मोठा हिस्सा तिथेच जातो, तिथे काही बदललं नाही.

शेतीभाती (१०:२०)
टक्का चुकला, मान्य. पण ट्रॅक्टरचं काय? ७ लाखांचा ट्रॅक्टर, मूळ किंमत ६.२५ लाख, आता ६,५६,२५०. सरळ ४३,७५० वाचले. शेतकऱ्याला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, त्यामुळे हे पैसे थेट त्याच्या खिशात राहतात.

आकडेमोड (१०:२४)
बरोबर आहे, फक्त तो ट्रॅक्टर घेणाऱ्याचा फायदा आहे, त्याच्याकडे मजुरीला जाणाऱ्याचा नाही. तुम्ही सुरुवात मजुरापासून केली होती.

छत्रछाया (१०:२९)
वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विमा यांचा जीएसटी शून्य झाला तेही घ्या. २३,६०० चा हप्ता २०,००० व्हायला हवा. पण कंपनीला आता इनपुट क्रेडिट मिळत नाही, त्यामुळे मूळ हप्ता वाढू शकतो. नूतनीकरणाची नोटीस आली की मूळ हप्ता गेल्या वर्षीशी ताडून बघा. नोकरीतल्या गट विम्यावर १८ टक्के तसेच आहेत.

मुदतठेव (१०:३३)
किंमत उतरवली नाही तर तक्रार कुठे करायची?

आकडेमोड (१०:३७)
ग्राहक हेल्पलाइन १९१५. जीएसटी कायद्याच्या कलम १७१ खाली नफेखोरीच्या नव्या तक्रारी १ एप्रिल २०२५ पासून घेत नाहीत. दर उतरवले आणि फायदा पोचतो का ते बघणारी खिडकी त्याआधीच बंद झालेली होती. पाटीपेन्सिल, हेही तुमच्या कामाचं आहे.

पाटीपेन्सिल (१०:४०)
जीएसटी घेऊ की नको? माझी ७ मिनिटं आहेत आणि इथे आता विम्यापर्यंत पोचलं सगळं.

सभाधीट (१०:४६)
सात मिनिटांत तीनपेक्षा जास्त आकडे ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत. आकडा सांगितला की क्षणभर थांबायचं. विषयातला 'च' पकडा. 'मध्यमवर्गच' म्हटलंय, म्हणजे मध्यमवर्गाला काहीच मिळालं नाही असं सिद्ध करायची गरज नाही. त्याहून जास्त दुसऱ्यांना मिळालं एवढं दाखवलं की पुरे.

वाटणीदार (१०:५२)
एक बाजू सगळ्यांनी सोडली: किंमत कोण देतं? अर्थमंत्र्यांच्या भाषणात प्रत्यक्ष करातला सोडलेला महसूल सुमारे १ लाख कोटी सांगितलाय. केंद्राच्या करांतला राज्यांचा हिस्सा वित्त आयोग ठरवतो; २०२५-२६ पर्यंतच्या १५ व्या आयोगाप्रमाणे वाटायच्या करांतले ४१ टक्के राज्यांचे होते. म्हणजे ढोबळमानाने ४१ हजार कोटी राज्यांच्या हिश्श्यातून गेले. महाराष्ट्राचा त्यातला वाटा तेव्हा ६.३१७ टक्के, म्हणजे साधारण २,५९० कोटी. कपात जाहीर केली केंद्राने, पण शाळा, दवाखाने, पाणी योजना राज्य चालवतं. ज्याचा प्राप्तिकर शून्यच होता, त्याला कपातीतून काही मिळालं नाही आणि ज्या सरकारी दवाखान्यात तो जातो त्याचे पैसे मात्र कमी झाले.

खटका (१०:५८)
वाचलेला पैसा लोक खर्च करतात, त्यावर जीएसटी येतो, त्यात राज्यांचा वाटा असतो. तुमचं गणित अर्धं आहे.

वाटणीदार (११:०३)
येतो. पण ८० हजारांपैकी सगळेच्या सगळे १८ टक्के जीएसटीच्या वस्तूंवर उडवले तरी कर निघतो १२,२००, आणि तो केंद्र-राज्यांत वाटला जातो. उरलेले भरून येत नाहीत. त्यातून लोक कर्जाचा हप्ता किंवा एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) वाढवतात, तिथे तेवढाही येत नाही.

पाटीपेन्सिल (११:२१)
ठरवलं. तीन मुद्दे: (१) १२ लाखांना ८० हजार, १५ लाख पगाराला ३५ हजार, ५० लाखांना १ लाख १० हजार. (२) सात लाखांखाली आणि जुन्या प्रणालीत शून्य. (३) महाराष्ट्राचे २,५९० कोटी. जीएसटी सोडते, कुणी विचारलं तरच बिस्किटाचं सांगेन. बरोबर?

ताळेबंद (११:२६)
'१५ लाख पगार' खोडा. १५ लाख करपात्र, पगार १५.७५. नुसता १५ लाख पगार असेल तर करपात्र १४.२५, आणि फायदा ३१,२५० च निघतो. शिवाय समोरून कुणी 'बारा लाखांत कुणालाच कर नाही' म्हणालं तर उत्तर तयार ठेवा: शेअर विकून झालेल्या नफ्यावर ८७ए लागत नाही. ९ लाख पगाराचे आणि १ लाख अल्पमुदतीचा नफा असेल तर एकूण १० च होतात, तरी त्या लाखावर २० टक्के, म्हणजे २०,००० भरावेच लागतात.

पाटीपेन्सिल (११:३०)
खोडलं. उपकर धरून सांगू की न धरता?

ताळेबंद (११:३३)
न धरता, आणि तसं पहिल्याच वाक्यात सांगा. समोरचे धरून आले तर ८० हजारांचे ८३,२०० होतील, ३५ चे ३६,४००, १ लाख १० हजारांचे १,१४,४००. हे तीन आकडे कागदाच्या कोपऱ्यात लिहून न्या.