शेजाऱ्याचा त्रास घरमालकाने आधी सांगायला हवा की नको?

जिन्यावरची: काल इथे एका घरमालकांनी लिहिलं, “शेजारी भाडेकरूने स्वतः पारखावेत. मी भिंती भाड्याने देतो, माणसं नाही.” हे वाचून गप्प बसवत नाही. घर बघायला आपण भरदुपारी जातो, सोबत घाई करणारा एजंट. वरच्या मजल्यावरचा गृहस्थ रात्री पिऊन आमच्या दारावर लाथा मारतो, हे तेवढ्या वेळात कसं पारखायचं? आमच्या मालकाला सगळं ठाऊक होतं. आधीचे भाडेकरू त्याच्यापायीच गेले, त्यांनी पोलिसांत एनसीही (अदखलपात्र गुन्ह्याची तक्रार) केली होती. मला वॉचमनने सांगितलं तोवर लॉक-इन, म्हणजे घर सोडायचं नाही असा करारातला काळ, सुरू झालेला. मध्येच सोडलं तर डिपॉझिटवर पाणी. छत गळतं हे लपवलं तर फसवणूक म्हणता, मग हे काय?

दोन खोल्यांचा मालक: ते वाक्य माझंच आणि मी त्यावर ठाम आहे. शेजाऱ्याबद्दल लिहून दिलं आणि त्याने बदनामीची नोटीस पाठवली तर तुम्ही येणार का कोर्टात? शिवाय त्रास कशाला म्हणायचं? माझ्या एका भाडेकरूने शेजारच्या सतारीपायी घर सोडलं, पुढची म्हणाली की सतार ऐकू येते म्हणून तर घर आवडलं.

काळा कोट: लीज (भाडेपट्टा) असेल तर ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्ट, १८८२ चं कलम १०८ आहे: मालकाला माहीत असलेला आणि भाडेकरूला साध्या काळजीने न दिसणारा मोठा दोष सांगावाच लागतो. पण आपण करतो लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे घर वापरायची नुसती परवानगी. तिथे ईझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५७, आणि ते जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल अशाच दोषाबद्दल बोलतं. दोन्हीकडे शब्द ‘जागेतला दोष’. शेजारी त्यात बसवायचा तर भांडावं लागेल. बदनामीचा बाऊ मात्र नको. भारतीय न्याय संहितेच्या बदनामीवरच्या कलम ३५६ ला अपवाद आहेत, समोरच्याच्या भल्यासाठी सद्हेतूने सावध करणं हा त्यातला एक.

सायलीची आई: कायदा राहू द्या, ‘त्रासदायक’ कोण ते कोण ठरवणार? माझी मुलगी ऑटिस्टिक आहे. काही रात्री ओरडते, भिंतीवर हात आपटते. आमच्याविरुद्ध सोसायटीत अर्ज गेलेत. उद्या येणाऱ्या प्रत्येक भाडेकरूला तिची माहिती द्यायची का?

जिन्यावरची: ताई, मी दारुड्याबद्दल बोलतेय. मुलीला मध्ये आणू नका.

सायलीची आई: मी आणत नाहीये, तुमचा नियम आणतोय. अर्ज देणारेही “रात्री झोप होत नाही” असंच लिहितात. अगदी तुमच्यासारखीच तक्रार.

गॅलरीतला: आम्ही अशाच एका मुलाच्या शेजारी राहिलो. मालकांनी आधी सांगितलं होतं, म्हणून झोपायची खोली पलीकडची घेतली. कधी तक्रार केली नाही.

सायलीची आई: त्याच्या आईला विचारून सांगितलं होतं का?

गॅलरीतला: ते मी विचारलं नाही.

सायलीची आई: कुणीच विचारत नाही. लिफ्टमध्ये नवं माणूस भेटतं तेव्हा त्याच्या तोंडावरूनच कळतं की याला आधी सांगितलंय. तुम्ही चांगले निघालात. बाकीचे घर न घेताच जातात आणि मालक आमच्या दारात येऊन बोलतो.

दोन खोल्यांचा मालक: हेच मी म्हणत होतो. तरी बरं, एवढं मान्य करतो: पोलिसांत तक्रार झाली असेल तर कुणी विचारल्यावर मी खोटं बोलणार नाही. स्वतःहून मात्र सांगणार नाही.

जिन्यावरची: विचारल्यावर! काय विचारायचं हे भाडेकरूला सुचणार कसं? करारात एक ओळ घाला: धमकी, मारहाण किंवा दारूच्या धिंगाण्याची तक्रार मालकाला माहीत असून लपवली, तर लॉक-इन लागू नाही, डिपॉझिट पूर्ण परत. आजार, अपंगत्व, मुलं, यांचा त्यात उल्लेखच नको.

दोन खोल्यांचा मालक: म्हणजे मध्यरात्री ड्रिल चालवणारा सुटला.

जिन्यावरची: सुटू दे. त्याच्यामुळे मला जिन्यात पाय ठेवायची भीती वाटत नाही.

सायलीची आई: ही ओळ असेल तर माझी हरकत नाही. पण आमच्याविरुद्धच्या एका अर्जात ‘धमकी’ हा शब्द आहे. ती नऊ वर्षांची आहे.