धुतलेली गाडी पुसावी की पुसूच नये? (चर्चा; प्रत्येक मताच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

मायक्रॉन
शॅमॉय, म्हणजे गाडी पुसायचं मऊ कातडं, आता बाद करावं, हे माझं ठाम मत. क्लिअरकोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, थर साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शॅमॉयला लव नसते, त्यामुळे धुताना राहून गेलेला कण आत न शिरता रंगावरच घासत जातो. काळ्या गाडीवर उन्हात दिसणारी ओरखड्यांची जाळी अशीच पडते. शक्यतो हातच लावू नका. पाइपचं नोझल काढून धार हळू सोडा आणि टपावरून खाली आणा. बरंचसं पाणी चादरीसारखं एकसंध उतरतं. उरलेलं ब्लोअरने, म्हणजे हवेचा झोत मारणाऱ्या यंत्राने, उडवा.

बोअरचं पाणी
साफ असहमत. आमच्याकडच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात. ब्लोअर दारांपर्यंत पोचेस्तोवर टपावरचे थेंब सुकून पांढरी वर्तुळं उमटतात. डाग ताजा असेल तर पांढरं व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घेऊन पुसलं आणि लगेच धुतलं की निघतो. क्षारांनी क्लिअरकोटला खड्डा पडला तर पॉलिशशिवाय इलाज नाही, आणि पॉलिश म्हणजे तोच थर घासून कमी करणं. मग वाचवलं काय? शिवाय ब्लोअर जमिनीजवळ धरला की पार्किंगमधली धूळ ओल्या रंगावर येऊन बसते.

मायक्रॉन
थेंब इतक्या लवकर सुकतात याचा अर्थ पत्रा तापलेला आहे. बॉनेट हाताला गार लागेपर्यंत धुवायलाच घेऊ नये.

एक बादली
सोसायटीत पाइप लावायला बंदी आहे, धार कुठून सोडणार? शॅमॉय पिळलं की पुन्हा कोरडं, एकात अख्खी गाडी होते.

लूप टॉवेल
पिळता येतं हे खरं, पण कण पिळून जाईलच असं नाही. बादलीवाल्यांनी उलट जास्त जपायला हवं, कारण मगाने धुतलेल्या गाडीवर माती जास्त उरते.

पुसायचंच, पण असं: 600 जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कापडाची जाडी) वरचा ट्विस्टेड लूप, म्हणजे पिळदार फासे असलेला, मायक्रोफायबर टॉवेल घ्या. पॅनल ओलं असतानाच क्विक डिटेलरचे (रंगावर मारायचा निसरडा स्प्रे) एक-दोन फवारे मारा म्हणजे कापड सरकतं. टॉवेल बॉनेटवर पसरून दोन कोपरे धरा आणि न दाबता सरळ आपल्याकडे ओढा. गोल फिरवू नका. उभ्या दारांवर नुसता टिपा. चाकांच्या वरचा भाग आणि दारांच्या खालची पट्टी यांना वेगळं कापड. टॉवेल जमिनीवर पडला तर धुतल्याशिवाय परत लावायचा नाही. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, त्याचा लेप तंतूंवर बसला की टॉवेल पाणी शोषत नाही. सुती कपड्यांबरोबरही टाकू नका, त्यांचे धागे चिकटतात.

ब्लोअर आरसे, हँडल, ग्रिल आणि पेट्रोलच्या झाकणापुरता वापरा. तिथलं पाणी नंतर ओघळतं आणि कापड तिथे पोचत नाही.

बोअरचं पाणी
हे मान्य. टप आणि काचा मात्र आधी पुसा, सगळ्यात आधी तेच सुकतात.

मायक्रॉन
फवारा मारूनसुद्धा स्पर्श तो स्पर्शच. गडद रंगाच्या गाडीला मी तरी टॉवेल लावू देणार नाही. शेवटची धार आरओच्या शुद्ध पाण्याची ठेवा, डागांचा प्रश्न बराच कमी होतो.